वखारीतला थेंब

आमच्या बाईंचा माझ्यावर विश्वास नव्हता. तसा तो कुणावरच नव्हता, त्यामुळे मी मनाला लावून घेतलं नाही. निपाणीत त्यांचा डोळ्यांचा दवाखाना होता आणि नंबर लावायला, थेंब घालायला, पट्ट्या बांधायला मी होते. लग्न होऊन बेळगावजवळ हिंडलग्याला येईपर्यंत मी तिथंच काम केलं. एवढ्या वर्षांत बाईंनी औषधाच्या कपाटाची किल्ली एकदाही माझ्या हातात दिली नाही. किल्ली त्यांच्या कमरेला. कपाट उघडायचं झालं की मला म्हणायच्या, “तिकडं बघ.” मग मी भिंतीकडे तोंड करून उभी. कुलपात किल्ली फिरताना बघून मी काय करणार होते, देव जाणे!

दवाखान्याला पाटी होती, पण पाटीवर एक अक्षर नव्हतं. नुसता मोठा डोळा रंगवलेला. मी एकदा विचारलं, “बाई, नाव का नाही घातलं?” तर म्हणाल्या, “कन्नडमध्ये घातलं तर हे येऊन काळं फासतील, मराठीत घातलं तर ते फासतील. डोळ्याला कोण फासतंय बघू.” रंगारी इरसाल असणार. त्यानं डोळ्यावरची भुवई अशी चढवली होती की रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला तो ‘कुठं चाललास? खरं सांग’ असं विचारतोय असं वाटावं. बाई तशाच बघायच्या.

त्या चिकोडीकडच्या जैन शेतकरी घरातल्या. वाळक्या, उंच, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. घरी कन्नड, दवाखान्यात मराठी, चिडल्या की दोन्ही एकदम. सूर्य मावळायच्या आत जेवायच्या, एकदा मावळला की उपाशी झोपतील पण घास तोंडात घालणार नाहीत. नळाला पांढरं फडकं बांधलेलं. ते गाळलेलं पाणी पुन्हा उकळायचं, मग प्यायचं. “डोळ्याला न दिसणारे जीव असतात हे कळायला मला कॉलेजात जावं लागलं नाही,” म्हणायच्या. “आमची आजी पाणी गाळताना सांगायची.” फरक एवढाच, की आजी त्या जिवांना जपायची आणि नातीनं त्यांच्याशी दावा मांडला होता. दार कोपरानं ढकलायच्या. पेशंटनं डोळा पुसायला रुमाल काढला की अशा दचकायच्या, जणू त्यानं खिशातून विंचू काढलाय.

पेशंट खुर्चीत बसला रे बसला की पहिला प्रश्न, “डोळ्यात काय घातलंस?”

“काय न्हाय बाई.”

मग तोच प्रश्न कन्नडमध्ये, “कण्णाग एन हाकीदी?” मग हिंदीत. बाईंची पक्की समजूत होती की माणूस एका भाषेत खोटं बोलतो, फार तर दोन भाषांत, तिसऱ्या भाषेला मात्र त्याची जीभ अडखळते. आता आमच्या भागात ज्याला या तिन्ही भाषा येत नाहीत असा माणूस दिवा घेऊन शोधावा लागेल! लोक तिन्ही भाषांत अगदी सुरेख खोटं बोलायचे. कडोलीहून लेकीकडे आलेला एक म्हातारा तर म्हणाला, “बाई, आता इंग्रजीत बी इचारून घ्या. तितं बी न्हायच म्हणतो मी.” सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी म्हाताऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात दोन बोटं घातली आणि अर्धी संपलेली थेंबांची बाटली वर काढली.

“ही काय?”

“ती व्हय? ती जावयाची हाय.”

“जावयाची तुमच्या खिशात कशाला?”

“बिनझाकणाची हाय न्हवं. सांडंल म्हणून उभी धरून आणली.”

बाटली बाईंनी जप्त केली. खिडकीखाली त्यासाठी एक पोतंच होतं. पेशंटनं घरातल्या सगळ्या बाटल्या घेऊन यायच्या, असा बाईंचा दंडक होता, आणि त्या पोत्यात काय काय म्हणून जमायचं! शेजारणीची बाटली. वारलेल्या सासऱ्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची बाटली. एक बाई म्हशीच्या डोळ्यात घालायची ट्यूब घेऊन आली. “म्हशीला गुण आला की वो,” ती म्हणाली, “मला कसा येत न्हाय?” बाईंनी कपाळाला हात लावला. लावायच्या आधी तो धुतला, आणि लावल्यावर पुन्हा धुतला.

समोरच्या औषधवाल्या आप्पांशी तर त्यांचं उभं वैर. आप्पा चिठ्ठीशिवाय थेंब देतात असा बाईंना संशय होता. संशय कसला, सगळ्या गावाला माहीत होतं. पण बाईंना पुरावा हवा. त्यांनी मला तोंडाला ओढणी गुंडाळून आप्पांच्या दुकानात पाठवलं. ‘डोळा आलाय, काहीतरी द्या’ एवढंच म्हणायचं. मी गेले. आवाजसुद्धा बदलला. आप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, “काय गं, बाईनं धाडलंय व्हय? जा, सांग त्यास्नी, आप्पा म्हटले चिठ्ठी आणा.” मी मान खाली घालून निघाले. तर माझ्या मागं उभ्या बाईला आप्पांनी विचारलं, “तुला काय गं?” “डोळा आलाय.” आप्पांनी हात मागं नेला, बाटली काढली आणि तिच्या हातावर ठेवली. माझ्यासमोर!

मी येऊन सांगितलं तेव्हा बाईंनी आधी माझ्याकडेच संशयानं पाहिलं. “तू आणि आप्पा दोघं मिळून मला बनवत तर नाही ना?” आता काय बोलायचं या बाईला? मी आप्पांना कधी ‘कसे आहात’ म्हणूनसुद्धा विचारलं नव्हतं.

गावही बाईंना सोडत नव्हतं. कारण बाई साधा डोळा आला तरी डोळे वटारायच्या, आणि जरा वेगळं दिसलं की डोळ्यातली घाण काडीवर घेऊन बेळगावच्या लॅबला पाठवायच्या. रिपोर्ट यायला दिवस जायचे. लोक वैतागायचे. “कोल्हापूरला गेलो असतो तर एका फेरीत थेंब देऊन मोकळं केलं असतं,” म्हणायचे. आणि हळूच मला विचारायचे, “लॅबवाला बाईला काय देतोय गं?” खरं सांगू? मलाही तेच वाटायचं. डोळा आलाय, थेंब घाला, विषय संपला. त्यात तपासणी कसली? संध्याकाळी लॅबचा माणूस मोटारसायकलवर यायचा तेव्हा बाई त्याच्याशी आत जाऊन बोलायच्या, दार लोटून. मी दाराशी कान लावून बघितलं. आत बाई त्याला झापत होत्या, “नमुन्यांचा डबा उन्हात ठेवलास? वास येतोय. खोटं बोलू नको!” तरी माझा संशय गेला नाही. एकदा संशयी माणसाजवळ राहिलं की तो रोग लागतोच. मी दूधवाल्यावर संशय घ्यायला लागले, टेलरवर घ्यायला लागले. मला बघायला आलेल्या मुलाला मी ‘सुपारी खाता का?’ हे मराठीत विचारून झाल्यावर कन्नडमध्ये पुन्हा विचारलं. आईनं मला आत नेऊन चांगलं फैलावर घेतलं.

एकदा दुपारी पेशंट नव्हते आणि बाईंची कळी जरा खुललेली होती. मी विचारलंच, “बाई, या तपासण्या कशासाठी?”

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. हिला सांगावं की नाही असं तोलत असाव्यात. मग म्हणाल्या, “तुमच्या गल्लीत कुत्री आहेत?”

“आहेत की.”

“कुणी पहिल्यांदा काठी आपटली की पळतात. रोज आपटली तर?”

“मग काय, बघत बसतात.”

“जंतू तसाच. थोडासा थेंब आज, थोडासा उद्या, बरं वाटलं की बंद. मरत तर नाही, उलट त्याला औषधाची ओळख होते. त्यातले जे चिवट ते उरतात, त्यांचीच पिल्लावळ वाढते. मग एक दिवस खरंच डोळा जायची पाळी येते आणि माझ्या हातात तीच काठी. जंतू बघत बसतो.” आणि लगेच चेहरा नेहमीसारखा करून म्हणाल्या, “वखारीतल्या बायकांचे डोळे औषध ऐकत नाहीत. गेली काही वर्षं बघते आहे. रिपोर्टमध्ये एकसारखं येतंय. कुणीतरी काहीतरी करतंय, आणि सगळ्या मिळून माझ्याशी खोटं बोलताहेत.”

माझी आई तंबाखूच्या वखारीत चाळणीवर होती. निपाणीत हे वेगळं सांगायला नको. मला ते लागलं.

वखारीत तंबाखू चाळताना खकाणा उडतो. बारीक, तपकिरी धूळ. केसात, नाकात, पदरात, पोळीच्या डब्यात. आई घरी आली की घरात आधी तिचा वास यायचा. दिवसभर त्या धुळीत डोळ्यांची आग आग होते. आईनं मला वखारीची पायरी कधी चढू दिली नाही. लहानपणी एकदा मी डबा द्यायला गेले तर फाटकातूनच हाकलून दिलं होतं. “हितं पाय ठेवलास तर तंगडी मोडून ठेवीन. शाळंत जा.” त्यामुळे आत काय चालतं, बायका कशा बसतात, काय बोलतात, मला काही ठाऊक नव्हतं.

एके दिवशी चाळता चाळता तंबाखूची काडी उडून तिच्या उजव्या डोळ्यात गेली. तिनं घरात सांगितलं नाही. डोळा लाल झाला तेव्हा म्हणाली, “कचरा गेलाय.” सुजला तेव्हा म्हणाली, “उष्णता हाय.” ज्या सकाळी मी उजेडात तिचं तोंड धरून बघितलं, त्या सकाळी बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका होता.  इतकी वर्षं दवाखान्यात काढली होती, तो ठिपका काय असतो हे मला कळत होतं.

बाईंनी आईला खुर्चीत बसवलं. यंत्रातून बघितलं. मग पुन्हा एकदा बघितलं.

“डोळ्यात काय घातलं?”

“काय न्हाय.”

कन्नडमध्ये विचारलं. आईनं कन्नडमध्ये सांगितलं, काही नाही. हिंदीत विचारलं. आई चिडली. “ओ बाई, न्हाय म्हणजे न्हाय! किती येळा इचारशीला? मी काय चोर हाय?”

 डोळा बधिर करून बाईंनी बुबुळावरचं थोडं खरवडून घेतलं, बेळगावला पाठवलं आणि जवळचे थेंब सुरू केले. मी घरी तासातासाला थेंब घालत होते. ठिपका कमी होईना. उलट कडेनं पसरायला लागला.

रिपोर्ट आला त्या दिवशी बाईंनी दवाखान्याचं दार आतून लावलं. “सगळी औषधं फोल,” म्हणाल्या. “जी देतो ती सगळी. एकच उरलंय. ते तयार मिळत नाही, ताजं करून बर्फातून आणावं लागेल. डोळा राहील की नाही सांगता येत नाही. आणि तुझी आई माझ्याशी खोटं बोलते आहे.”

“माझी आई खोटं बोलत नाही.”

“जंतूला औषधाची इतकी ओळख एका दिवसात होत नाही! कुणीतरी वर्षानुवर्षं तिच्या डोळ्यात थेंब घातलेत.” आणि कमरेची किल्ली चाचपत त्या माझ्याकडे बघायला लागल्या. “घरी कोण आहे दवाखान्यात काम करणारं?”

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा अंगाची लाही लाही झाली. म्हणजे मी! या बाईच्या कपाटाकडे पाठ करून करून माझी मान अवघडली, आणि मी चोरून आईच्या डोळ्यात थेंब घातले म्हणे! “बाई,” मी म्हटलं, “माझ्या आईचा डोळा चाललाय म्हणून मी इथं उभी आहे. नाहीतर ही खुर्ची तुमच्या अंगावर टाकून गेले असते.”  बाईंनी खाली बघितलं. पण माफी नाही. “औषध संध्याकाळी येईल,” एवढंच म्हणाल्या.

आणि चार वाजता छत्री घेऊन दवाखान्यातून बाहेर पडल्या. पाऊस नाही, पाणी नाही. कुठं जातात सांगितलं नाही. माझ्या डोक्यात तिडीक होतीच. म्हटलं, आज बघतेच ही बाई लॅबवाल्याकडे जाते की आणखी कुणाकडे. मी लांबून मागं लागले. बाई बाजारातून गेल्या, आप्पांच्या दुकानाकडे बघून नाक मुरडलं, आणि सरळ आईच्या वखारीच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. राखणदारानं हटकलं. त्याला वाटलं सरकारी माणूस. तो मालकाला सांगायला आत धावला आणि बाई त्याच्या मागोमाग आत शिरल्या. मी त्यांच्या मागं. वखारीची पायरी मी चढले ती तेव्हा, आयुष्यात पहिल्यांदा.

काम नुकतं सुटलं होतं. ओसरीवर बायका रांगेनं भिंतीला टेकून बसल्या होत्या. सगळ्यांच्या माना वर, डोळे आभाळाकडे. रांगेच्या एका टोकाला एक जाडजूड मावशी होती. देवाच्या तसबिरीखालच्या कोनाड्यातून तिनं थेंबांची बाटली काढली. त्या कोनाड्यात हळदी-कुंकवाचा करंडा होता, उदबत्तीचं घर होतं, आणि त्यांच्याच शेजारी बाटलीची जागा. मावशी एकेकीची पापणी वर करायची, बाटलीचं तोंड डोळ्याला टेकवायची, एक थेंब सोडायची आणि पुढं सरकायची. त्याच बाटलीनं. पापण्यांचे केस बाटलीला पुसले जात होते. थेंब पडला की ती ती बायको ‘हुश्श’ करून पदर डोळ्यावर धरायची. कुणी बोलत नव्हतं. दिवसभरातली तेवढीच घटका त्यांना सुखाची असावी, असं ते दिसत होतं.

मावशीनं वर बघितलं. “या की बाई,” ती मनापासून म्हणाली, “तुमी बी घ्या एक. लई गार वाटतंय.”

“हे काय आहे?” बाईंनी विचारलं.

“ह्ये व्हय? ह्ये काय न्हाय. सांजचा थेंब.”

“रोज?”

“रोज म्हणजे? काम सुटलं की. आमच्या सासवा चाळणीवर हुत्या तवापास्नं हाय. ही बाटली आप्पांच्या दुकानातली, लई चांगली.” मग मावशीला मी दिसले. “अगं, तू हिची लेक न्हवं? कसा हाय गं डोळा तिचा? तीच घालती की रोज समद्यांस्नी थेंब. हात लई हलका हाय तिचा. ती न्हाय म्हणून मी घालतोय.”

बाई वखारीच्या उंबऱ्यावर बसल्या. जिथं रोज शंभर पावलं तुडवतात त्या उंबऱ्यावर, लुगडं सावरायचं भान न ठेवता. मला त्यांचा राग आला होता, तो कुठं गेला कळलं नाही. नुसती भीती उरली.

बाईंनी त्या बायकांना समजावायचा प्रयत्न केला. कुत्र्याचं सांगितलं, काठीचं सांगितलं. बायकांनी ऐकून घेतलं. मग मावशी म्हणाली, “बाई, तुमचं खरं असंल. पर डोळं जळत्यात त्याचं काय करू? तुमी बसा हितं एक दिस.” तेवढ्यात मालक आले. तुम्ही कुठल्या संघटनेच्या, कुणी पाठवलं, अशी त्यांची सरबत्ती सुरू झाली. बाईंनी त्यांच्याकडे लक्षही दिलं नाही. मावशीला म्हणाल्या, “बसते.” आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद ठेवून खरंच बसल्या. मालकांच्या नाकावर टिच्चून, चाळणीपासून हातभर अंतरावर. दुपारपर्यंत त्यांचे डोळे लाल पेरूच्या फोडीसारखे झाले. संध्याकाळी त्यांनी घरून आणलेलं उकळून गार केलेलं पाणी ओंजळीत घेऊन सगळ्यांसमोर डोळे धुतले. “एवढ्यानं भागतं का?” मावशीनं विचारलं. बाई म्हणाल्या, “नाही भागत. पण डोळा राहतो.” त्यानंतर त्या पाण्याचा हंडा ओसरीवर आला. कोनाड्यातली बाटली गेली की नाही, मी छातीठोक सांगणार नाही. काही बायकांच्या कमरेला ती असणारच.

पहिल्या संध्याकाळी मात्र वखारीतून बाई थेट आमच्या घरी आल्या होत्या. दिवस मावळून गेला होता, म्हणजे त्यांचं जेवणही गेलं. आई खाटेवर पडली होती, डोळ्यावर पट्टी. बाई तिच्या उशाशी बसल्या.

“तुम्ही रोज थेंब घालत होता.”

“व्हय की,” आई म्हणाली. “मीच घालतो समद्यांस्नी.”

“मग मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाही?”

आईला खरंच नवल वाटलं. “ते कशाला सांगू? सांजला तोंडाला पाणी मारतो, हातपाय धुतो, ते सांगतंय का कोण डाक्टरला?”

बाईंनी आईच्या डोळ्यावरची पट्टी नीट केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तुझी आई खोटं बोलत नव्हती.” त्यांच्यापुरती ती माफी होती, आणि मी ती घेतली.

मग त्या थेंबानं जंतू कसे चिवट होतात आणि एकाच बाटलीनं कसे पसरतात, ते बाईंनी आईला सांगितलं. आईनं मात्र दुसऱ्याच गोष्टीचा धसका घेतला. “बाई,” ती उठून बसली, “म्हणजे मी त्या पोरींच्या डोळ्यात... माझ्याच हातानं?” बाईंनी तिचा हात धरला. कुणाचाही हात न धरणाऱ्या आमच्या बाईंनी, तंबाखूनं पिवळा पडलेला तो हात दोन्ही हातांत धरला आणि धुवायला उठल्या नाहीत.

मग ते नवीन औषध सुरू झालं. बर्फाच्या डब्यातून बेळगावहून यायचं. माझ्यावर विश्वास नव्हताच, म्हणून बाई स्वतः येऊन घालायच्या. सकाळी दवाखान्याआधी, दुपारी, संध्याकाळी. मधले थेंब माझ्याकडे, पण बाई आल्यावर बाटली उजेडात धरून बघायच्या, घातले की नाही. आईही काही कमी नव्हती. प्रत्येक थेंबाआधी विचारायची, “ह्यो कशाचा? काल पिवळा हुता, आज पांढरा दिसतोय.” दोन संशयी बायका समोरासमोर! मला हसूही यायचं आणि रडूही. थेंब झोंबायचा. आई चादर मुठीत आवळायची आणि बाई कन्नडमध्ये तिला ‘झालं, झालं’ म्हणायच्या, लहान पोराला म्हणतात तसं. एका दुपारी आईनं लुगड्याच्या पदरातून पाणी गाळलं आणि तांब्या बाईंपुढं ठेवला. मला वाटलं, आता ही बाई तांब्या बाजूला सारणार. बाईंनी तांब्या उचलला आणि त्या ते पाणी प्यायल्या.

डोळा राहिला. तो काढावा लागेल असं बाईंनी मला एकटीला एकदा सांगितलं होतं, ते टळलं. ठिपका पसरायचा थांबला, सूज उतरली, लाली गेली. पण बुबुळावर फूल पडलं. मधोमध, दाट, दुधाळ. बाई रोज यंत्रातून त्या फुलाकडे बघायच्या आणि रोज थोड्या म्हाताऱ्या व्हायच्या. त्या काळात त्यांनी कुणाचे खिसे तपासले नाहीत. एक पेशंट तर स्वतःहून बाटली काढून दाखवत होता, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. पुढं पुढं त्यांनी दवाखाना कमी केला, आणि गेल्या वर्षी तो बंद करून चिकोडीला भावाकडे राहायला गेल्या.

पण मला आठवतो तो आईचा शेवटच्या तपासणीचा दिवस. सकाळी अंघोळ करून, नवं लुगडं नेसून आई खुर्चीत बसली. बाईंनी तिला डाव्या डोळ्यावर तळहात घट्ट धरायला सांगितलं. मी शेजारी उभी होते. बाई समोर उभ्या राहिल्या. हात वर केला आणि एक बोट धरलं. एकच. 

“किती बोटं?”

आईनं मान थोडी पुढं केली. त्या पांढऱ्या फुलामागून ती कुठंतरी बघत होती, बाईंच्या हाताकडे नव्हे, खिडकीकडे.  

“दोन,” आई म्हणाली. अगदी ठासून.

 बाईंचं बोट तसंच हवेत होतं. मग त्यांनी ते सावकाश खाली घेतलं.

“बरोबर,” बाई म्हणाल्या.

आणि वळून हात धुवायला गेल्या. नळ बराच वेळ चालू होता.

बाहेर येऊन आम्ही रिक्षासाठी उभ्या राहिलो. मी आईचा हात धरला होता.  आईच म्हणाली, “किती हुती गं बोटं?”

मला खोटं बोलता आलं नाही. “एक.”

“वाटलंच मला.” तिनं पदरानं डोळा पुसला, तो चांगला डोळा. “नुसता उजेड दिसतोय गं, दुसरं काय न्हाय. पर एवढं केलं बाईनं माझ्यासाठी. न्हाय दिसत म्हणून तोंडावर कसं सांगू तिला?” मग पदर खोचत म्हणाली, “तिनं बी खोटंच सांगितलं बघ मला. जल्मात पयल्यांदा बोलली असंल. न्हाय जमलं तिला.”

रिक्षा आली. चढताना तिनं माझा दंड घट्ट धरला.

“मला कळलं म्हणून बाईला सांगू नगंस हां,” आई म्हणाली. “लई वाईट वाटंल तिला.”